आधी वारा, मग पाणी : वादळाच्या शिकवणीचा इतिहास

हेन्री पिडिंग्टनचं 'द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स' हे पुस्तक 1848 साली निघालं, तेव्हा त्याच्यासोबत दोन पारदर्शक चकत्या मिळत. जनावराचं शिंग तासून त्या पातळ केलेल्या असत. एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिण गोलार्धासाठी. चकतीवर वर्तुळं आणि त्या वर्तुळांवर वाऱ्याची दिशा दाखवणारे बाण. वादळाची चाहूल लागली की कप्तानानं चकती सागरी नकाशावर ठेवायची, जहाजावर वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळणारा बाण जहाजाच्या जागेवर आणायचा, आणि मग वादळाचं केंद्र कुठं आहे ते चकतीच्या मध्यावर वाचायचं. सुकाणू कुणीकडे वळवायचं, कधी थांबून राहायचं, कधी पळ काढायचा, हे पुस्तकात सांगितलेलं. पिडिंग्टन स्वतः जहाजांवर वाढलेला माणूस. पुढं तो कलकत्त्याच्या सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला आणि वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याच्या हाती येऊ लागल्या. त्या वह्यांमधल्या तासातासाच्या नोंदी जुळवून त्यानं एकामागून एक वादळांची टिपणं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. 'सायक्लोन' हे नावही त्यानंच रूढ केलं. एवढं सगळं करणाऱ्या या माणसाला वादळाला बळ कुठून मिळतं असं विचारलं असतं, तर त्याचं उत्तर होतं : विजेपासून. वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतशक्तीनं वादळ तयार होतं आणि चपट्या तबकडीसारखं खाली समुद्रावर उतरतं, असं त्याचं मत होतं. पायाखालच्या समुद्राला त्या उत्तरात काही कामच नव्हतं.

या विसंगतीवरून पिडिंग्टनला हसण्यात अर्थ नाही, कारण तो दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. वादळाचं ज्ञान ज्यांनी आधी गोळा केलं आणि ज्यांना ते आधी शिकवलं गेलं, त्या सगळ्यांना वादळापासून निसटायचं होतं. निसटायला आकार कळावा लागतो. म्हणून शंभरेक वर्षं वादळ हा विषय भूमितीसारखा शिकवला गेला, आणि उष्णतेचा प्रश्न प्रस्तावनेत किंवा परिशिष्टात जाऊन बसला. हा क्रम नुसता योगायोगाचा नव्हता आणि निरुपद्रवी तर मुळीच नव्हता, असं मला वाटतं. आज शाळेत 'गरम समुद्राच्या पाण्यापासून चक्रीवादळाला ऊर्जा मिळते' हे वाक्य पाठ होतं. खरं तर ते फार उशिरा मिळालेलं उत्तर आहे, आणि ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं तो प्रश्न मात्र पुस्तकात उतरलेला नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोक्यात तापमानाचा एक आकडा राहतो. पाण्यातली उष्णता हवेत जाते कशी, ही खरी गोष्ट राहून जाते.

पिडिंग्टनच्या आधीच अमेरिकेत या विषयावर दोन तट पडले होते. विल्यम रेडफील्ड हा कनेक्टिकटमधला खोगीर बनवणारा कारागीर. सप्टेंबर 1821 च्या वादळानंतर फिरताना त्याच्या लक्षात आलं, की एका भागात झाडं एका दिशेला पडली आहेत आणि दूरच्या दुसऱ्या भागात अगदी उलट दिशेला. म्हणजे वारा मध्याभोवती फिरत गेला होता. 1831 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बार्बाडोस उद्ध्वस्त झालं. तिथं पुनर्बांधणीच्या कामावर गेलेल्या विल्यम रीड या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं तोच धागा धरून 1838 मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पिडिंग्टननं स्फूर्ती घेतली ती रीडकडून. दुसऱ्या तटावर जेम्स एस्पी होता. एस्पी मुळात शिक्षक. बाष्पाचं पाणी होताना जी सुप्त उष्णता बाहेर पडते ती वर चढणाऱ्या हवेला आणखी हलकी करते, मग ती आणखी चढते आणि भोवतालची हवा खाली मध्याकडे धाव घेते, हे त्यानं प्रयोगांच्या आधारानं मांडलं. त्याचा 'द फिलॉसॉफी ऑफ स्टॉर्म्स' 1841 चा. पाऊस पाडायला जंगलं पेटवावीत असंही हा गृहस्थ सुचवत असे, आणि त्यापायी त्याची बरीच टिंगल झाली. दोघं वर्षानुवर्षं भांडले. रेडफील्ड म्हणे वारा गोल फिरतो, एस्पी म्हणे तो सरळ आत जातो. तसं पाहिलं तर एकाकडे आकार होता आणि दुसऱ्याकडे कारण. खलाशांच्या शाळेत मात्र एकटा आकार दाखल झाला.

यावर साधा आक्षेप असा, की खलाशाला कारण हवंच कशाला? उधाणात सापडलेल्या कप्तानाला सुप्त उष्णता समजावून उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. पिडिंग्टनच्या चकत्यांनी जहाजं वाचवली असणार, आणि नुसत्या निरीक्षणाच्या जोरावर तो किती दूरचं पाहू शके याचा पुरावाही आहे. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं तेव्हा, 1853 साली, त्यानं गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावलं, की वादळाची लाट एक ना एक दिवस हे बंदर बुडवील. त्याचं कुणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं आणि 1867 च्या वादळानं त्याची दैना केली. पिडिंग्टन तोवर वारला होता. पण याच काळात चकतीतली खोटही उघडी पडू लागली होती. चकतीवरचे बाण वर्तुळाला चिकटून फिरत. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, की उत्तर गोलार्धात केंद्र नेमकं उजव्या हाताला काटकोनात, असा त्यातून नियम निघे. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रमनं हिंदी महासागरातल्या जहाजांच्या नोंदी तपासून 1870 च्या दशकात दाखवून दिलं, की वारा वर्तुळात वाहत नाही, तो वळसे घेत आत शिरतो. काटकोनाचा नियम धरून वाऱ्यासोबत पळणाऱ्या जहाजाला वाटे आपण केंद्राला बगल देतोय. प्रत्यक्षात ते केंद्राच्या जवळ ओढलं जाई. वारा आत का शिरतो, याचं उत्तर एस्पीकडे तीस वर्षं पडून होतं. 1856 मध्ये नॅशव्हिलचा शाळामास्तर विल्यम फेरेलनं पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम हिशेबात धरून दोघांच्या म्हणण्याची सांगड घालायची वाटही दाखवली होती. कारण शिकवायला नको म्हणून बाजूला ठेवलं, आणि त्या वगळण्यातून चुकीचा आकार शिकवला गेला. कारणाचा खलाशाला उपयोग नाही, हे म्हणणं इथंच लंगडं पडतं.

हिंदुस्थानात कारणाकडे पहिल्यांदा गांभीर्यानं वळले ते कलकत्त्यातले लोक, आणि त्यांना वळवलं प्रेतांनी. 5 ऑक्टोबर 1864 ला हुगळीतून वर चढलेल्या लाटेनं हजारो माणसं नेली, बंदरातली जहाजं काठावर फेकली. त्या वादळाचा अहवाल गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1866 मध्ये दिला. ब्लॅनफर्ड भूशास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आला होता आणि तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होता. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं तेव्हा तोच त्याचा पहिला प्रमुख. पुढच्याच वर्षी, 1876 च्या ऑक्टोबर अखेरीस, मेघनेच्या मुखाशी बाकरगंजचं वादळ आलं. लाखाच्या आसपास माणसं बुडाली आणि मागाहून आलेल्या रोगराईनं आणखी तितकीच गेली म्हणतात. या वादळाचा अभ्यास केला जॉन एलियटनं. तोही प्राध्यापक, मूळचा गणिती. ब्लॅनफर्ड आणि एलियट दोघांनीही बाष्प आणि त्याच्या सांद्रीभवनातून सुटणारी उष्णता हेच बंगालच्या उपसागरातल्या वादळांचं बळ मानलं. कमी दाबाचं क्षेत्र, दिवसेंदिवस एकाच पट्ट्यात पडत राहणारा पाऊस, नैर्ऋत्येकडून येणारी ओलसर हवा, मग वाऱ्याचा वाढता जोर, हा क्रम त्यांनी नोंदींतून मांडला. युरोपात बसून हे दिसलं नसतं. तरीही एलियटनं जेव्हा आपलं ज्ञान पुस्तकात घातलं, तेव्हा ते उपसागरातल्या वादळांचं, खास खलाशांसाठी लिहिलेलं पुस्तक झालं. गिऱ्हाईक तेच जुनं होतं.

इथं कुणी म्हणेल, की 1841 मध्ये एस्पी आणि 1877 मध्ये एलियट उष्णतेबद्दल बोलत होते, तर मग 'उशिरा मिळालेलं उत्तर' हा कांगावा कशासाठी? भेद बारीक आहे, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. या मंडळींनी ढगातली उष्णता ओळखली होती. बाष्प हवेत आधीपासून आहे, ते वर जातं, त्याचं पाणी होतं आणि उष्णता सुटते. पण ते बाष्प वादळानं स्वतः, वादळ चालू असतानाच, खालच्या पाण्यातून उपसलेलं असतं का, हा प्रश्न वेगळा. पहिल्या चित्रात हवा म्हणजे भरून ठेवलेलं कोठार. वादळ ते रिकामं करतं. दुसऱ्या चित्रात समुद्र हा चालू पुरवठा, आणि त्या पुरवठ्याचा वेग वादळ स्वतःच ठरवतं. पहिल्या चित्रात समुद्र थोडा गार असला तरी फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात सगळंच बिघडतं. एकोणिसावं शतक पहिल्या चित्रापाशी थांबलं, कारण भर वादळात समुद्राच्या पृष्ठभागावरून किती बाष्प उठतं हे मोजायची सोयच नव्हती.

शिवाय आहे ते चित्रही मोडलं. 1890 मध्ये ऑस्ट्रियाच्या यूलिउस हाननं आल्प्समधल्या उंच वेधशाळांच्या नोंदी पुढं ठेवल्या : वरच्या थरांत युरोपातल्या आवर्ताची, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राची, हवा प्रत्यावर्ताच्या, म्हणजे जास्त दाबाच्या क्षेत्राच्या, हवेपेक्षा थंड निघाली. गरम, हलकी हवा वर चढते म्हणून दाब कमी होतो, असं सांगणाऱ्या सिद्धान्ताला हा जबर तडाखा होता, आणि तो पुराव्याचा होता. त्याला पूर्वग्रह म्हणता येणार नाही. 1905 मध्ये माक्स मार्ग्युलेसनं थंड आणि उबदार हवा शेजारी येण्यातूनच वादळाला पुरेल इतकी ऊर्जा मिळते हे गणितानं दाखवलं, आणि पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी त्यावर आघाड्यांचा, म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या सीमांचा, सिद्धान्त उभारला. समशीतोष्ण कटिबंधापुरतं हे सगळं बरोबरच होतं. पंचाईत अशी झाली, की पाठ्यपुस्तकं लिहिणारे याच कटिबंधात राहत होते. उष्णकटिबंधातल्या वादळाचं केंद्र गरम असतं हे खरं, पण तो अपवाद एका परिच्छेदात उरकला जाई, आणि कित्येक वर्षं लोक विषुववृत्ताच्या आसपास आघाड्या शोधत बसले.

हिंदुस्थानात त्या काळी हवामान खात्याचं मुख्यालय पुण्याला होतं. 1928 मध्ये ते शिमल्याहून तिकडे हललं आणि दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा दिल्लीला गेलं. पुणेकर त्या इमारतीला अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. खात्याचा त्या काळातला प्रमुख चार्ल्स नॉर्मंड याचा अभ्यास नेमका ओल्या हवेतल्या ऊर्जेचा होता. हवेचा एखादा भाग बाष्पासकट वर ढकलला तर किती उंचीनंतर तो आपोआप चढू लागेल, आणि त्यातून किती ऊर्जा मोकळी होईल, याचा हिशेब आर्द्र फुग्याच्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाच्या) तापमानावरून मांडायची त्याची रीत आजही वापरात आहे. 1938 मध्ये त्यानं बाष्पामुळे येणाऱ्या अस्थैर्यावर लिहिलं. बर्गेनच्या आघाड्यांची चलती असताना पुण्यात बाष्पाचा धागा धरून ठेवला गेला, याला मी महत्त्व देतो. तरीसुद्धा ही आकडेमोड कोठाराचीच होती : एका स्थानकावर, एका वेळी, हवेत किती साठा आहे. समुद्रावरून तो भरला कसा जातो, ही पायरी अजून यायची होती.

ती आली महायुद्धाच्या गडबडीत, आणि तीही मोठ्या प्रमाणात शिकवण्याच्या ओघात. प्रशांत महासागरातल्या लढाईसाठी अमेरिकेला उष्णकटिबंधाचं हवामान जाणणारे हजारो अधिकारी एकदम हवे होते. युरोपच्या नकाशांवर तयार झालेल्या शिक्षकांकडे त्यांना शिकवायला काही नव्हतं. म्हणून 1943 मध्ये शिकागो विद्यापीठानं पोर्तो रिकोत संस्था काढली. हवामानशास्त्रज्ञ हर्बर्ट रील तिथं घडला. त्याच वर्षी 27 जुलैला टेक्ससमध्ये जोसेफ डकवर्थ नावाच्या विमानचालन शिक्षकानं एक साधं प्रशिक्षण-विमान गॅल्व्हेस्टनवर येणाऱ्या हरिकेनमध्ये, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळात, घातलं आणि केंद्रातून सुखरूप परत आणलं. शिकायला आलेल्या ब्रिटिश वैमानिकांनी त्या विमानाच्या ठिसूळपणाची चेष्टा केली होती, आणि उपकरणं पाहून उडणं किती भरवशाचं आहे हे त्यांना दाखवायचं होतं, असं सांगतात. पुढच्या वर्षांत वादळात विमानं पाठवणं हा रिवाजच पडला, आणि वादळाचं अंतरंग पहिल्यांदा मोजमापाच्या टप्प्यात आलं.

तरी निर्णायक धागा अगदी साध्या, जहाजांवरच्या तापमापकांतून मिळाला होता. शिकागोच्याच होरेस बायर्सनं 1944 च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट मांडली. हवा वादळाच्या कडेकडून केंद्राकडे वाहते तेव्हा ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. दाब घटला की हवा प्रसरण पावते, आणि प्रसरण पावणारी हवा थंड होते. 1010 मिलिबारपासून 950 पर्यंत गेलेली हवा अशा हिशेबानं सुमारे 5 अंशांनी गार व्हायला हवी. पण नोंदींत ती गार होत नाही. तापमान जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे वाटेत तिला कुणीतरी उष्णता देतं आहे, आणि तिच्या खाली समुद्राशिवाय दुसरं कुणीच नाही. पिडिंग्टनपासून सगळ्यांनी तपासल्या त्याच प्रकारच्या या नोंदी; तापमानाचा रकाना त्यांतही होता. 1948 मध्ये फिनलंडच्या एरिक पामेननं दाखवलं, की हरिकेन उगवतात ती पाणी 26-27 अंशांच्या वर असलेल्या भागांत, आणि हाच तो आकडा जो पुढं जगभरच्या पुस्तकांत गेला. 1951 मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट क्लाइनश्मिटनं स्पष्ट म्हटलं, की समुद्रातून उचललेली उष्णता हीच टायफूनची मूळ ऊर्जा. रील आणि त्याची विद्यार्थिनी जोआन मॅल्कस यांनी 1960 मध्ये हिशेब पुरा केला : उष्णकटिबंधातली नेहमीची दमट हवा जशीच्या तशी वर नेली तर खालचा दाब फार तर 1000 मिलिबारच्या आसपास उतरतो. त्याखाली जायचं असेल तर केंद्राजवळ समुद्राकडून जादा उष्णता मिळालीच पाहिजे. एस्पीच्या कोठाराची मर्यादा आता आकड्यात सांगता येत होती.

समुद्र हवेला उष्णता देतो म्हणजे काय करतो, हे शिकवताना बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. पाणी गरम म्हणून हवा तापते, अशी कल्पना करून घेतली जाते. उष्णकटिबंधात पाणी हवेपेक्षा जेमतेम एखाद-दोन अंशांनी उबदार असतं. नुसत्या स्पर्शानं फारसं काही जात नाही. मोठा भाग बाष्पीभवनानं जातो. चहावर फुंकर घातली की तो निवतो, कारण फुंकर वरची ओली हवा हटवते आणि कोरडी हवा आणखी वाफ घेऊन जाते. समुद्रावर ही फुंकर वादळाच्याच वाऱ्याची असते. वारा वाढला की बाष्प जास्त उठतं, ते वर जाऊन उष्णता सोडतं, दाब आणखी पडतो, आणि वारा पुन्हा वाढतो. हे चक्र कळलं की तापमानाचं खरं काम कळतं. पाणी 1 अंशानं तापलं तर त्याला टेकलेली हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे पाणी आणि वरची हवा यांतली बाष्पाची तफावत वाढते. वादळ जगतं ते या तफावतीवर.

हे एवढं उलगडल्यावर वाद मिटायला हवा होता, तो पेटला. 1964 मध्ये ज्यूल चार्नी आणि आर्ने एलियासन यांनी नवा सिद्धान्त मांडला. त्यात भर होता तो भोवतालचं बाष्प वाऱ्यानं एका जागी गोळा होण्यावर. म्हणजे कोठारच, पण सुधारून वाढवलेलं. गणित देखणं होतं, आणि दोन दशकं पदव्युत्तर वर्गांत तेच शिकवलं गेलं. 1969 मध्ये कात्सुयुकी ओयामानं संगणकावर तयार केलेल्या वादळाचा समुद्राकडून येणारा पुरवठा तोडून पाहिला, तर ते वाढेचना; पण या प्रयोगाचा अर्थ सर्वांना पटायला वेळ लागला. 1986 मध्ये केरी इमॅन्युएलनं वादळ हे कार्नोच्या आदर्श उष्मायंत्रासारखं मांडलं : खाली 300 केल्व्हिनच्या आसपासचा समुद्र, वर 200 केल्व्हिनच्या आसपासची, पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवरची हवा, आणि या दोन टोकांमुळे घेतलेल्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त तिसरा हिस्सा वाऱ्यात बदलायची क्षमता. समुद्राइतकंच वरचं थंड टोकही महत्त्वाचं, हे यातून नव्यानं पुढं आलं. 'गरम पाणी' या शब्दांत यंत्राचं अर्धंच वर्णन होतं.

शाळकरी मुलांना कार्नो आणि केल्व्हिन कशाला, 27 अंशांचा नियम पुरे, असं अनेक शिक्षक म्हणतील, आणि त्यांच्यापुढे भरलेला वर्ग आणि अपुऱ्या तासिका असतात हे विसरून चालणार नाही. पण हा नियम पहिल्याच चौकस मुलाला फसवतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराचं पाणी 28 अंशांच्या वर असतं; मग ऐन पावसाळ्यात तिथं कमी दाबाची क्षेत्रं येतात पण मोठी चक्रीवादळं विरळा का? कारण खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा जोरदार वारा यांच्यात वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. म्हणूनच आपल्याकडची मोठी वादळं मोसमी वाऱ्यांच्या अलीकडे-पलीकडे, मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. विषुववृत्तावर पाणी गरमच असतं, पण पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथं शून्य, म्हणून वादळाला फिरकी मिळत नाही. विल्यम ग्रे या रीलच्या विद्यार्थ्यानं 1968 मध्ये जगभरच्या वादळांची अशी कारणं एकत्र मांडली. पाण्याचं तापमान त्यांतलं एक होतं. उलट बाजूनंही पाहा. मार्च 2004 मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना किनाऱ्यावर हरिकेन आदळलं, ते 27 अंशांहून थंड पाण्यावर वाढलेलं. आर्क्टिकमध्ये जेमतेम काही अंशांच्या समुद्रावर ध्रुवीय वादळं उठतात आणि उपग्रहाच्या चित्रात त्यांना चक्क डोळा दिसतो, कारण त्यांच्यावरची हवा इतकी गार असते, की ते थंड पाणीही तिच्या मानानं गरमच. या उदाहरणांतून 27 चा आकडा खोटा ठरत नाही. तो उष्णकटिबंधातल्या नेहमीच्या हवेला बसणारा अनुभवाचा आकडा आहे, एवढं कळतं.

आकडे एकदा पुस्तकात शिरले की निघत नाहीत, याचा मुंबईला चांगला अनुभव आहे. 1882 च्या जूनमध्ये मुंबईला वादळ आलं आणि एक लाख माणसं मेली, असं जगातल्या भीषण वादळांच्या कित्येक याद्यांत छापलेलं सापडतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत अशा संहाराचा मागमूस नाही. कुलाब्याला वेधशाळा चालू होती, तिथं वायुभाराची नोंद रोज होई. एका यादीनं दुसरीवरून उतरवलं, इतकंच. 27 अंशांचा नियम इतका निराधार नाही, पण उतरवून घेण्याची खोड तीच.

कुलाब्याचं नाव आलंच आहे, तर आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी 1963 मध्ये तिथं एक हवामान केंद्र उघडलं आणि कॉलिन रॅमेज त्याचा प्रमुख झाला. मुंबईहून विमानं अरबी समुद्रावर जाऊ लागली, आणि हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांनी अरबी समुद्राच्या बाष्पीभवनाचा हिशेब 1965 मध्ये मांडला. त्यांचा विषय मोसमी पाऊस होता, चक्रीवादळ नव्हे. पण आपल्या पावसातलं किती पाणी आपल्याच समुद्रातून उठतं हा त्यांचा प्रश्न, आणि चक्रीवादळाला समुद्र किती देतो हा बायर्सचा प्रश्न, यांचं गणित एकच. मोसमी पाऊस शिकवणाऱ्या आपल्या वर्गांना चक्रीवादळ शिकवण्यासाठी परक्या उदाहरणांची गरज नव्हती.

पुरवठ्याचं चित्र धरलं की जमिनीवर वादळ का मरतं तेही नीट समजतं. जुनं उत्तर घर्षणाचं : डोंगर, झाडं, घरं वारा अडवतात. 1960 च्या डॉना हरिकेनचा जमिनीवरचा प्रवास तपासून बॅनर मिलरनं 1964 मध्ये दाखवलं, की मुख्य कारण समुद्राची उष्णता तुटणं हे आहे. 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडलेलं निसर्ग वादळ दुसऱ्या दिवशी विदर्भापर्यंत गेलं, तेव्हा ते चक्रीवादळाच्या दर्जाचं उरलं नव्हतं. सह्याद्रीनं त्याला अडवलं असं आपल्याला म्हणायला आवडतं. त्याचा थोडा वाटा असेलही. हेच चित्र समुद्रावरही लागू पडतं. वादळ पाणी घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि मागे काही अंशांनी गार झालेला पट्टा सोडून जातं. म्हणून पृष्ठभागाचं तापमान पुरत नाही. गरम थर किती खोल आहे हे पाहावं लागतं. 1970 च्या दशकापासून 26 अंशांच्या वरची पाण्यातली सगळी उष्णता मोजायची पद्धत पडली, आणि हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था आपल्या समुद्रांसाठी असे नकाशे काढते.

आणि या सगळ्या उष्णतेचं होतं काय? एका नेहमीच्या हरिकेनमध्ये ढगांतून सुटणारी उष्णता आणि वारा चालू ठेवायला लागणारी शक्ती यांचं प्रमाण साधारण 400 ला 1 असं काढलं जातं. बाकी बहुतेक सारी उष्णता हवा वर नेण्यात खर्ची पडते आणि शेवटी अवकाशात निघून जाते. रेडफील्डनं पाहिलेल्या पडलेल्या झाडांपासून सुरू झालेला अभ्यास त्या 1 चा होता, आणि 400 येतात कुठून याकडे लक्ष जायला शंभर वर्षं गेली. आता प्रश्न पुन्हा पृष्ठभागावर आला आहे. वारा वाढला की लाटा उंच होतात, घर्षण वाढतं, असं सगळे धरून चालले होते. 2003 मध्ये मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी विमानातून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून दाखवलं, की वारा ताशी सुमारे 120 किलोमीटरच्या पुढं गेला की घर्षणाचा गुणांक वाढायचा थांबतो; पाण्यावर फेसाचा आणि तुषारांचा थर पसरतो. तुषारांतून बाष्प जादा उठतं, की तुषार हवेची उष्णता स्वतःच खातात, यावर एकमत झालेलं नाही. समुद्राकडून मिळणारी उष्णता आणि समुद्रावर घासून गमावलेला वेग यांचं गुणोत्तर वादळाच्या कमाल ताकदीची मर्यादा ठरवतं, आणि सर्वांत जोरदार वाऱ्यात ते नेमकं किती, हे सांगणारी मोजमापं अजून तुटपुंजी आहेत.